तूर्तास

सिंगापुरात मी तूर्तास राहते. माझ्या मोबाइलमध्ये मुक्कामाचा एक परवाना आहे आणि त्यावर एक तारीख. ती जवळ आली की मुलगा रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडतो, माझा फोटो आणि कागदपत्रं चढवतो आणि मला पुढची तारीख मिळते. त्याची नोकरी आहे तोवर मी आहे. सून म्हणते, "आई, काळजी कशाला करता, नुसती फॉर्मॅलिटी असते." असेलही. पण एकतीस वर्षं एकाच कॉलेजात, एकाच प्रयोगशाळेत, दारामागच्या एकाच खिळ्याला पर्स अडकवून काढलेल्या बाईला तारखेवर जगायचं म्हणजे पासष्टीला नवीच विद्या शिकण्यासारखं आहे.

माझं माहेर धरमतरच्या खाडीकाठचं. घरामागे खाजण. भरती चढली की उघाडीपाशी पाण्याचा आवाज यायचा आणि ओसरली की तिवरांच्या मुळ्यांमधला चिखल चुळबुळायला लागायचा. त्या चिखलात उड्या मारणारे निवटे आम्ही पोरंटोरं पकडायचो आणि आई त्यांचं कालवण करायची. पुढे एम.एस्सी.ला गेल्यावर कळलं की हा मासाच, पण ओल्या कातडीतून आणि गालात धरून ठेवलेल्या पाण्यावर श्वास घेत जमिनीवर तासन्‌तास काढणारा. ते मी पाठ केलं आणि तितक्याच इमानाने पुढे मुलांकडून पाठ करून घेतलं. एकीकडे कालवण, एकीकडे व्याख्या. मधल्या वेळात निवटा दिवसभर त्या चिखलात करतो तरी काय, हे मात्र मी कधी बसून पाहिलं नव्हतं. ते पाहायला सिंगापूरला यावं लागलं, याची आता मला लाजही वाटते आणि गंमतही.

विषय वनस्पतिशास्त्र आणि शेवटच्या काही वर्षांत पर्यावरणाचा सक्तीचा पेपर. पर्यावरण हा विषय सगळ्यांना शिकवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितलं. तो पुढे पदवीच्या वर्गांपर्यंत पोचला तेव्हा त्याचा झाला प्रकल्प: 'पाण्याचे प्रदूषण – कारणे व उपाय', वीस पानं, स्पायरल बाइंडिंग, वर प्लास्टिकचा कागद. दरवर्षी त्याच वीस पानांवर मी सह्या केल्या. नदी कॉलेजपासून सात मिनिटांच्या अंतरावर होती.

पण माझं खरं दुखणं त्याआधीचं. वनस्पतिशास्त्राच्या मुलांना हर्बेरियम जमा करावं लागे. प्रत्येकाची पंचवीस पानं, प्रत्येक पानावर मुळासकट उपटून, वर्तमानपत्रात दाबून वाळवलेलं एक रोप, खाली शास्त्रीय नाव. वर्गात मुलं चाळीस. हा गुणाकार मी निवृत्त झाल्यावर केला. वर्षाला हजार रोपं. एका सहलीत कासच्या सड्यावर एका मुलाने कंदिलपुष्पाची वेल कंदासकट उकरून आणली होती. फूल अजून ताजं होतं, कंदाला लाल माती चिकटलेली. मी त्याचं कौतुक केलं. दहापैकी नऊ दिले. संध्याकाळी बसमध्ये दुर्मीळ वनस्पतींच्या संवर्धनावर बोलले ती मीच. तो कंद कुठल्या तरी कपाटात वाळून पडला असेल, नाहीतर वाळवीने खाल्ला असेल. पुढे २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर कासचं नाव जागतिक वारशाच्या यादीत लागलं. पेपरातली ती बातमी मी कॉलेजच्या फलकावर पिना मारून लावली. माझ्या नऊ गुणांचा त्यात कुठे उल्लेख नव्हता.

सिंगापुरात आले तेव्हा सगळ्यात आधी गेली ती नावं. रस्त्याकडेला एवढी झाडं आणि मला त्यातली निम्मी अनोळखी. पर्जन्यवृक्ष ओळखीचा होता, पण तो तर आपल्याकडेही दक्षिण अमेरिकेतून आलेला पाहुणा. तेंबुसू माहीत नव्हता; इथल्या पाच डॉलरच्या नोटेवर त्याचं चित्र आहे, हे भाजी घेताना कळलं. शिक्षकाची नावं काढून घेतली तर त्याच्यापाशी उरतं काय? पहिले दोन-तीन महिने मी चौथ्या मजल्याच्या व्हरांड्यात कपडे वाळत घालत होते, एवढंच.

व्हरांड्यासमोर जांभळाच्या कुळातलं एक उंच झाड आहे. इथे रस्तोरस्ती लावलेलं असतं. एका सकाळी त्याच्या फांदीवर काड्यांचं एक जाळं दिसलं. घरटं म्हणायलाही संकोच वाटावा इतकं विरळ; खालून पाहिलं तर अंडी दिसतील असं. आणि त्यावर हरियाल! आपल्या राज्याचा पक्षी. स्पर्धापरीक्षेत हमखास येणारा प्रश्न म्हणून मी तो किती मुलांना सांगितला असेन, आणि स्वतः पाहिला जेमतेम तीनदा, फणसाडच्या जंगलात, तोही मान मोडेस्तोवर वर बघून. इथे त्याचा चुलतभाऊ कपड्यांच्या दांडीपासून पंधरा हातांवर अंडी उबवत बसला होता. याच्या नराची मान गुलाबी, छाती नारिंगी, बाकी बरंचसं अंग हिरवं. मादी सगळी हिरवी.

मी वही काढली. सवयीने लिहिलं: 'मादी अंडी उबवते.' दुसऱ्या दिवशी मुलाची दुर्बीण लावली तर मान गुलाबी. नर! दिवसभर तोच बसलेला. मादी सकाळी नऊच्या सुमाराला उठून जायची आणि उन्हं कलल्यावर परत यायची. रात्रपाळी तिची, दिवसपाळी त्याची. मी ते वाक्य खोडलं. एकतीस वर्षांत वहीतलं वाक्य डोळ्यांनी पाहून खोडायची ती माझी पहिलीच वेळ असावी. पाळी बदलताना येणारा पक्षी थेट घरट्यावर उतरत नाही. शेजारच्या फांदीवर थांबतो, मान पुढे-मागे करतो. मग बसलेला बाजूला सरकतो, अंडी क्षणभर उघडी पडतात, पांढरीशुभ्र, दोन. दुसरा पोट टेकवतो, डावी-उजवीकडे एकेकदा हलून नीट बसतो, जसा आपला एखादा म्हातारा आरामखुर्चीत बसतो. सगळं मिळून मिनिटभराचं काम. त्या एका मिनिटासाठी माझी सकाळची पोळ्यांची वेळ बदलली.

खालच्या मोकळ्या तळमजल्यावरून, ज्याला इथे व्हॉइड डेक म्हणतात, एक गृहस्थ रोज काठी न टेकता काठी घेऊन फिरायचे. मला दुर्बीण लावलेली पाहून एक दिवस वर आले. चिनी वंशाचे, सत्तरीच्या पुढचे. इथे अनोळखी वडीलधाऱ्यांना सरसकट अंकल-आंटी म्हणतात, त्या बाबतीत आपल्यात आणि त्यांच्यात काडीचा फरक नाही. तर हे अंकल माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आणि आता शनिवार-रविवारी मुलांना जंगलात, खाडीवर, किनाऱ्यावर घेऊन जाणारे. पाच मिनिटं त्यांनी घरटं पाहिलं. पक्ष्याचं नाव सांगितलं नाही. विचारलं, "सकाळी कोण बसतं, रात्री कोण बसतं?" मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा वर सरकवून ती वाचली, मराठी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि फक्त वेळांचे आकडे पाहून म्हणाले, "डॉक्टर वींना आवडली असती."

हे डॉक्टर वी म्हणजे वी याउ चिन. इथल्या राष्ट्रीय विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवलेले, नेच्यांचे जाणकार. रस्त्याकडेच्या झाडांवरचं त्यांचं १९८९ सालचं पुस्तक मी पुढे ग्रंथालयातून आणलं आणि माझी गेलेली नावं एकेक करून परत आली. पण अंकलना त्यांच्याविषयी आदर होता तो वेगळ्याच गोष्टीसाठी. विद्यापीठ सोडल्यावर, ज्या वयात माणसं सत्काराच्या शाली घडी करून ठेवतात त्या वयात, या वनस्पतीच्या माणसाने पक्षी पाहायला घेतले, तेही अंगणातले. पक्षिनिरीक्षकांचा छंद बहुधा यादीचा असतो: आज किती जाती, वर्षात किती, आयुष्यात किती. वींनी २००५ साली एक गट सुरू केला, तो मुळी पक्षी काय आहे यापेक्षा तो काय करतो हे पाहणाऱ्यांचा. लोक त्यांना फोटो आणि टिपणं पाठवू लागले. कुणाच्या बाल्कनीतला बुलबुल काय खातो, शिंजिराच्या घरट्यात कोण डोकावलं. साळुंकी मुंगी चोचीत धरून पंखांवर घासते, असल्या गोष्टीही ते नोंदवून ठेवत. आपल्यातही असे लोक आहेत, पण घरच्यांना ते रिकामटेकडे वाटतात.

आणि हाच शांत माणूस एकदा सरकारच्या वाटेत उभा राहिलेला. १९९१ साली मलायन नेचर सोसायटीची सिंगापूर शाखा वेगळी होऊन नेचर सोसायटी झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. लगेच १९९२ साली लोअर पीअर्स जलाशयाकाठच्या जंगलात गोल्फचं मैदान करायचं ठरलं. संस्थेने मोर्चा काढला नाही. तशी इथली रीत नाही. त्या जंगलात काय काय आहे याची स्वतःच पाहणी केली, पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांचा अहवाल लिहिला, आणि तो छापला. हजारो लोकांनी निवेदनावर सह्या केल्या. बेत गुंडाळून ठेवला गेला. आपल्याकडे हा वाक्प्रचार आपण विजय म्हणून वापरतो. पण गुंडाळून ठेवलेली वस्तू घरातच असते. कधीही उलगडता येते. अंकलना मी हे समजावून सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना खोकला आला.

इथे सगळ्याच चांगल्या बातम्यांना हा 'तूर्तास' चिकटलेला असतो. देश आजही बृहन्मुंबईपेक्षा थोडाच मोठा. साठच्या दशकात ५८० चौरस किलोमीटरच्या आसपास होता, भराव घालून घालून आता ७३०च्या वर गेला. सात बेटं जोडून झालेल्या शहराच्या शेजारणीला भरावाचं नवल ते काय! पण भरावाला लागणारी वाळू कुठून तरी यावीच लागते. शेजारच्या देशांतून ती येत राहिली, आणि इंडोनेशियाने तर २००७ साली वाळू देणंच बंद केलं. म्हणजे इथला किनारा वाचवताना किंवा वाढवताना दुसऱ्या कुणाचा तरी खरवडला जातो. उद्यानातल्या हिरव्या पाट्यांवर हे लिहिलेलं नसतं, आणि मला ते खटकतं.

जंगलाचंही तसंच. आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५४ साली इथे आला आणि बुकित तिमाच्या टेकडीवर दोनेक महिन्यांत त्याने सातशे जातींचे भुंगेरे गोळा केले. एका टेकडीवर सातशे! कारण त्यानेच लिहून ठेवलंय: चिनी लाकूडतोडे सतत झाडं पाडत होते, वाळणारी साल आणि सडणारी पानं भुंगेऱ्यांना आयती मिळत होती. म्हणजे तो सुकाळ जंगल मरत असतानाचा होता. मिरी आणि गँबियरचे मळे जंगलात घुसले. गँबियर म्हणजे काताचा भाऊ. त्याची पानं उकळायला लाकूड लागे, जमिनीचा कस गेला की मळेवाला पुढे सरके आणि मागे लालांग गवत उरे. मूळ जंगलातलं पाच टक्केसुद्धा आता शिल्लक नाही. बुकित तिमाचं राखीव जंगल आहे १६३ हेक्टर. आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात अशी साठ मावतील. तरी या चिमूटभर जंगलातल्या ओढ्यात एक खेकडा आहे, जगात फक्त या बेटावर सापडणारा, आणि त्याचं शास्त्रीय वर्णन झालं ते १९८६ साली, इतका उशिरा. त्याच वर्षी या टेकडीला मोठ्या जंगलापासून तोडणारा महामार्ग सुरू झाला. पुढे २०१३ साली त्याच महामार्गावर प्राण्यांसाठी झाडांचा पूल बांधला. आधी तोडायचं, मग सांधायचं. सांधतात तरी, असं अंकल म्हणतात. मी गप्प बसते, कारण आमच्याकडच्या महामार्गांचा हिशेब माझ्याकडे मागितला तर?

कोकिळेची गोष्ट मात्र मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहाटे साडेचारला ती इथे ओरडते. मी अंथरुणात पडल्या पडल्या सुखावते, आणि लिफ्टमध्ये शेजारी तक्रार करतात की झोप मोडली, कुणाला तरी कळवायला हवं. आपल्या आख्ख्या काव्यशास्त्राचा आधार असलेल्या पक्ष्याविरुद्ध लेखी तक्रारी होतात, हे कळल्यावर मी दोन दिवस माणसांत नव्हते. तर ही कोकीळ इथे पूर्वी फक्त हिवाळी पाहुणी होती. आपल्याकडच्या जातीचे कावळे इथे वाढले, त्यांची घरटी अंडी घालायला आयती मिळाली, आणि ती कायमची राहिली. आधी व्हिजिट पास, मग पर्मनंट रेसिडेन्सी. कावळ्याच्या जिवावर.

चेक जावाच्या किनाऱ्यावर जायचं ठरलं ते नातीच्या हट्टाने. तिच्या वर्गात किनाऱ्यावरच्या अधिवासांचा धडा झाला होता. "आजी, तू इकॉलॉजी टीचर होतीस ना? मग तुला माहीत असेल." भरती-ओहोटीचं वेळापत्रक अंकलनी काढलं. अगदी खोल ओहोटी महिन्यातून मोजकेच दिवस असते, आणि तीही कधी पहाटे, कधी संध्याकाळी. पहाटेची मिळाली. चांगीच्या धक्क्यावरून पुलाऊ उबिन बेटावर लाकडी बोटी जातात. त्यांना तिकीट नाही, वेळापत्रक नाही. बारा उतारू जमले की बोट सुटते. या घड्याळाच्या देशात हे एकच वाहन मला रेवसच्या लाँचसारखं वाटलं.

उबिनच्या पूर्व टोकाला चेक जावा. तिथे किनाऱ्याचे सहा नमुने एकमेकांना खेटून आहेत: टेकडीवरचं जंगल, खारफुटी, वाळू, खडक, समुद्रगवताची उथळ खाजणं आणि पोवळ्यांचा चुरा. नव्वदच्या दशकातल्या आराखड्यात हा सगळा भाग भरावाखाली जायचा होता. डिसेंबर २०००मध्ये जोसेफ लाय हे वनस्पतिअभ्यासक शाळकरी मुलांची सहल घेऊन तिथे गेले, आणि ओहोटीने उघडा पडलेला तो किनारा पाहून थक्क झाले. अहवाल नाही, आयोग नाही, शाळेची सहल! मला हे वाचल्यावर माझ्या सगळ्या सहली आठवल्या. आम्ही गेलो, उपटलं, दाबलं, परत आलो.

मग इथे एक विचित्र गोष्ट घडली. भराव पडणारच आहे असं धरून संग्रहालयाचे लोक आणि स्वयंसेवक तिथले प्राणी गोळा करायला लागले, निदान बरणीत तरी राहतील म्हणून. दोऱ्या आखून मोजणी केली. दुसरीकडे बातमी पसरली, आणि ज्यांनी आयुष्यात चिखलात पाय घातला नव्हता अशी कुटुंबं रांगा लावून ओहोटी पाहायला आली. जानेवारी २००२मध्ये सरकारने जाहीर केलं की उबिनची विकासासाठी गरज पडत नाही तोवर भराव पुढे ढकलला आहे. रद्द केलेला नाही. पुढे ढकलला. २००७ साली किनाऱ्यावर खांबांवर उभारलेली पायवाट झाली. गंमत म्हणजे त्याच वर्षाच्या सुरुवातीला भराव नसतानाही तिथे मरण आलं. समोरच्या जोहोरमध्ये इतका पाऊस झाला की नदीचं गोडं पाणी किनाऱ्यावर पसरलं आणि गालिचासारखी समुद्रफुलं, तारामासे, स्पंज मोठ्या प्रमाणात मेले. परवाना आभाळाकडूनही लागतो, असं दिसतं. नंतर विद्यार्थी वारंवार जाऊन, पुन्हा काय उगवतंय ते मोजत राहिले.

पायवाटेवरून पहिली ओळख पटली ती तिवराची. पानामागे मिठाचे कण, खाली चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी मुळं. मग ढोपरं रोवून उभा कांदळ, मग चिपी. एकेकाला मी मराठीत हाक मारत होते आणि अंकल मलय नावं सांगत होते: आपी-आपी, बकाऊ, पेरेपत. नात मध्ये उभी राहून दोन्ही नावं इंग्रजी वहीत लिहून घेत होती. 'चिपी'चं स्पेलिंग तिने तीनदा विचारलं.

आणि मग निवटे. पायवाटेच्या खालीच, वितीपेक्षा मोठे. आमच्या खाजणातला इतका मोठा मिळाला असता तर आईने शेजारी वाटी पाठवली असती. नात म्हणाली, "आजी, हा काय खातो? मराठीत काय म्हणतात? एग्झाममध्ये येईल?" तोंडावर उत्तरं आली होती. तिन्ही. अंकलनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बस इथे. दहा मिनिटं काही विचारायचं नाही."

पहिली चार मिनिटं काही घडलं नाही. म्हणजे आम्हाला दिसलं नाही. मग दिसायला लागलं. त्याचे डोळे डोक्यावर दोन मण्यांसारखे, आणि थोड्या वेळाने एकेक मणी खाली खोबणीत बुडतो आणि ओला होऊन वर येतो. पापणी मिटण्याऐवजी डोळाच बुडतो. एकाने बिळात तोंड घातलं, बाहेर आला आणि गाल फुगवून चिखलाचा गोळा बाजूला थुंकला. परत आत, परत गोळा. बिळाच्या काठाला गोळ्यांची भिंत झाली होती. शेजारचा निवटा जवळ आला तसा पहिल्याने पाठीवरचा पर ताठ उभारला, एखाद्याने बंद छत्री झटक्यात उघडावी तसा, आणि शेजारी मागे सरकला. नात पुटपुटली, "त्याचं घर आहे ते." तिने वहीत लिहिलं नाही. पालथी पडून पायवाटेच्या फटीतून बघत राहिली. मी कंदिलपुष्पाचा विचार करत होते. माझ्या त्या मुलाला दहा मिनिटं वेलीसमोर बसवलं असतं, तर फुलाच्या नळीत माशी कशी अडकते, हे त्याने कदाचित स्वतः पाहिलं असतं. नऊ गुण तेव्हाही दिले असते.

परतताना किनाऱ्यावर तरुण मुलांचा एक जथा वल्ही खांद्यावर घेऊन चालला होता. याच बेटावर १९६७ पासून आउटवर्ड बाउंडची शाळा आहे, संरक्षणखातं सांभाळणाऱ्या गोह केंग स्वी यांनी काढलेली. नव्या देशाला कणखर मुलं हवी होती. २०१६ साली ठरलं की माध्यमिक शाळेच्या तिसऱ्या वर्षातल्या सगळ्या मुलांनी पाच दिवसांचं शिबिर करावं. चांगलंच आहे. आमच्या मुलांना एक दिवस सुटी काढून नदीवर न्यायला मला प्राचार्यांकडे तीन अर्ज करावे लागत. पण वल्ही मारणं आणि थांबून बघणं ही दोन वेगळी शिक्षणं आहेत, आणि दुसऱ्याला शिबिर लागत नाही, अंकलसारखा एक रिकामा म्हातारा लागतो. माझं हे मत ऐकून अंकल म्हणाले की या वयात आपण दोघंही आपलीच जाहिरात करतोय.

वाटेत एका उंच झाडावर धनेशाची जोडी होती, काळी-पांढरी. ही जात इथे शतकभराहून अधिक काळ दिसत नव्हती आणि १९९४ साली याच बेटावर परत आली. नर फळं आणून मादीला भरवतो, ढोलीच्या तोंडाला चिखलाचा गिलावा, मध्ये चोचीपुरती फट. हे मी नातीला सांगायला लागले आणि मध्येच थांबले. पिंजरा नव्हता, दुर्बीण होती, आणि बोटीला वेळ होता. तिच्या हातात दुर्बीण दिली.

हरियालाच्या घरट्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलंच. एका सकाळी ते रिकामं होतं. कावळा, साप, माकड, वारा, काहीही असेल. मी पाहिलं नाही, म्हणून वहीत तारीख टाकून पुढची ओळ कोरी ठेवली. काड्या अजून तिथेच आहेत.

धक्क्यावर आलो तेव्हा भरती चढू लागली होती. बोटीत आम्ही तिघं आणि सायकलवाले आठजण, अकरा. बोटवाला बाराव्याची वाट पाहत विडी ओढत होता. कुणी म्हणालं, आम्ही बाराव्याचे पैसे वाटून देतो, निघू या. नात एकदम म्हणाली, "नको, थांबू या ना." ती कठड्यावरून वाकून धक्क्याच्या खांबाकडे पाहत होती. खांबावर एक छोटा निवटा पाण्याच्या रेषेच्या बोटभर वर चिकटून बसला होता. पाणी चढलं की तो बोटभर वर सरकत होता. परत पाणी, परत बोटभर.

"आजी, वर जाऊन जाऊन जाईल कुठे?"

बारावा उतारू अजून आला नव्हता. मी पदर खोचला आणि तिच्या शेजारी वाकले.